नव्वद इंचांची पट्टी : नेव्हिल डिसूझा प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

मंगळवारी, २० तारखेला, बद्रू बॅनर्जींना जाऊन दोन वर्षं झाली. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमधल्या भारतीय फुटबॉल संघाचे ते कर्णधार. रात्री जेवताना बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "कप्तान गेला, पीके गेला, बलराम गेला. आपला नेव्हिल तर केव्हाच गेला." सगळे त्याच संघातले. मग पानातला भात कालवत नुसतेच बसून राहिले.

त्या रात्री डोक्यात आलेलं आज पक्कं केलं. १ डिसेंबर यंदा रविवारी येतोय, लोकांना सवड असेल. त्या ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले तोही १ डिसेंबरच. त्या दिवशी आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये नेव्हिलवर एक दिवसाचं प्रदर्शन लावायचं, सगळं मराठीत. मुंबईत खेळलेल्या, मुंबईतच नाव कमावलेल्या या माणसावर मराठीत वाचायला फार थोडं आहे, आणि बाबांच्या पिढीनंतर ते विचारणारंही कुणी उरणार नाही.

कामाला पाच जण. मी. माझा शाळेतला मित्र, जो आता शाळेच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. त्याला सगळे कोच म्हणतात, म्हणून इथेही कोच. माझी भाची, छपाईच्या मांडणीचं काम करते. माझगावचे अंकल, बाबांचे गिरणीतले सोबती, मूळ गोव्यातल्या बार्देशचे, वय ८४. आणि बाबा, वय ८२. वर्गणी मिळून पंधरा हजार रुपये जमतील. तेवढ्यात बसवायचं.

१ सप्टेंबर, रविवार

आज फक्त माहिती जुळवली. नियम एकच ठेवलाय: ज्याची खात्री आहे तेवढंच फलकावर जाईल, कितीही गोड गोष्ट असली तरी ऐकीव घ्यायची नाही.

जन्म ३ जून १९३२. मृत्यू १६ मार्च १९८०, म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी. जागा सेंटर फॉरवर्डची. टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅल्टेक्स या मुंबईच्या संघांकडून खेळला. मुंबईने संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, पहिल्यांदा १९५४ साली जिंकली, तो काळ त्याचाच. १९५६च्या ऑलिंपिकमध्ये चार गोल. तेवढेच युगोस्लाव्हियाच्या वेसेलिनोविचचे आणि बल्गेरियाच्या मिलानोव्हचे. तिघे मिळून स्पर्धेत सर्वाधिक. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू. त्या स्पर्धेत भारताचे एकूण गोल पाच, त्यातले चार एकट्या नेव्हिलचे. पाचवा संघातल्या किट्टूचा.

अर्जुन पुरस्कार १९६१ पासून सुरू झाले, फुटबॉलमधला पहिला पीके बॅनर्जींना मिळाला. त्या यादीत नेव्हिलचं नाव नाही. हे फलकावर लिहायचं की नाही यावर बोलणं झालं. कोच म्हणाला, लिहायलाच हवं. मीही त्याच मताचा. एक साधं वाक्य, विशेषण न लावता.

नावाचा घोळ मात्र संध्याकाळपर्यंत पुरला. नेविल की नेव्हिल, डिसोझा, डिसूजा की डिसूझा. शेवटी मराठी वर्तमानपत्रांतलं वळण घेतलं: नेव्हिल डिसूझा. अंकलना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, "काहीही लिही रे, फक्त मोठं लिही. मला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती आले. काम नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

बाबांना टॅक्सीने माझगावला नेलं. अंकलकडे दुपारभर. आंटींनी सोलकढी आणि तळलेले बांगडे केले होते. रेकॉर्ड करायला फोन टेबलावर ठेवला आणि विचारलं, अंकल, नेव्हिलचा एक गोल सांगा. कूपरेजवर, म्हणजे मुंबईच्या फुटबॉलच्या मैदानावर पाहिलेला, कोणताही एक.

अंकल बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "गोल नाही आठवत. मी कुठे उभा होतो ते आठवतं."

आणि मग ते जे बोलायला लागले ते तास-दीड तास. तेव्हा ते धोबीतलावच्या कूडात राहायचे. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी ठेवलेली राहायची जागा. जहाजावर नोकरीला जाणारे, परतलेले, नोकरी शोधणारे, सगळ्यांच्या पेट्या भिंतीला लावून ठेवलेल्या आणि संध्याकाळी एकत्र रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. मॅचच्या दिवशी रोझरी लवकर आटपायची, म्हणाले. कूडातून पंधरा-वीस जण मिळून चालत क्रॉस मैदान, ओव्हल पार करून कूपरेजला. कुणाची पाळी तिकिटं काढायची, कुणाच्या खांद्यावर कोण चढायचं, कुठल्या बाजूला दुपारचं ऊन डोळ्यांवर यायचं, मॅच सुटल्यावर इराण्याकडे कोण पैसे द्यायचं. हे सगळं त्यांना पाठ आहे. फक्त चेंडू जाळ्यात कसा गेला ते नाही.

बाबाही तसेच. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स कप, कूपरेजवरची जुनी फुटबॉल स्पर्धा, जिंकला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, दादरहून ट्राममध्ये बसून गेले होते. ट्राम आठवते. परतताना ट्रामला एवढी गर्दी की दादरपर्यंत दांडीला लटकत आलो, हे आठवतं. मॅचमधलं विचारलं तर म्हणतात, "जिंकलो ना!"

सुरुवातीला मी हिरमुसलो. आलो होतो गोल गोळा करायला. पण परत येताना टॅक्सीत विचार करत होतो. नेव्हिलचं ज्या गोलांनी नाव झालं ते मेलबर्नचे. ते मुंबईत कुणीच पाहिलेले नाहीत. तेव्हा देशात टीव्हीही नव्हता, दिल्लीत तो आला १९५९ला आणि मुंबईत १९७२ला. आणि जे गोल कूपरेजवर हजारो लोकांनी पाहिले ते पाहणाऱ्यांच्या डोक्यातून निसटलेत, जुन्या पेपरांच्या फायलींत कुठे कुठे पडले असतील. चाहत्यांकडे उरलंय ते स्वतःचं उभं राहणं. मग तेच मांडायला काय हरकत आहे? एक कोरा फलक ठेवायचा. वर शीर्षक: "तुम्ही कुठे उभे होतात?" येणाऱ्याने हाताने लिहायचं.

उतरताना बाबांना सांगितलं. म्हणाले, "पेन बांधून ठेव दोरीने. नाहीतर पहिल्या तासात जाईल."

६ ऑक्टोबर, रविवार

फोटो वापरायचे नाहीत असं ठरलं. जुने फोटो फिरतात पुष्कळ, पण कुणी काढले, हक्क कुणाकडे, काही कळत नाही. भाचीचा चेहरा पडला, कारण फोटो नसले तर हॉलमध्ये नुसती अक्षरं, आणि अक्षरं वाचायला मुलं थांबत नाहीत.

तोडगा कोचने काढला. तो मुलांना मॅचची लांबी समजावताना मैदानाच्या कडेने पावलं मोजायला लावतो. म्हणाला, मॅच नव्वद मिनिटांची, तर नव्वद इंचांची लाकडी पट्टी करू. एक मिनिट, एक इंच. साडेसात फूट लांब. ज्या मिनिटाला गोल, तिथे खिळा. भारताचा पितळी, समोरच्यांचा लोखंडी. मुलांनी पट्टीच्या कडेने चालायचं, बोट फिरवायचं, खिळा लागला की थांबायचं.

भाचीने लगेच कागदावर काढलं. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना, १ डिसेंबर १९५६, उपांत्यपूर्व फेरी:

नवव्या इंचावर पितळी, नेव्हिल. सतराव्यावर लोखंडी, ब्रूस मॉरो. तेहतिसाव्यावर पितळी, नेव्हिल. एकेचाळिसाव्यावर पुन्हा मॉरो, लोखंडी. पन्नासाव्यावर नेव्हिल, तिसरा. ऐंशीव्यावर किट्टू.

कागदावर टिंबं पडली तसा सामना दिसायला लागला. दोनदा आपण पुढे गेलो, दोनदा त्यांनी गाठलं, दुसऱ्या अर्धात पाचव्या मिनिटाला नेव्हिलने पुन्हा पुढे नेलं आणि मग तीस इंच नुसतं कोरं लाकूड. त्या तीस इंचांत एकच गोल पुढे असताना काय जीव टांगणीला लागला असेल! ४-२ हा आकडा मी लहानपणापासून ऐकतोय, पण हे तीस इंच आज पहिल्यांदा कळले.

१३ ऑक्टोबर, रविवार

मजकूर. भाचीने पहिला मसुदा आणला, नेटका लिहिलाय. पण तिने सगळीकडे "ते" केलं होतं. "नेव्हिल डिसूझा हे सेंटर फॉरवर्ड होते. त्यांनी तीन गोल केले."

बाबांनी वाचलं आणि कागद खाली ठेवला. "हे कोण? असा माणूस मला माहीत नाही."

भाची म्हणाली, "आजोबा, ते वारलेत, वयाने मोठे होते, 'तो' कसं लिहायचं?"

बाबा म्हणाले, "कूपरेजवर बारा हजार माणसं त्याला अरे-तुरे करायची बाळा, आणि त्यातला एकही त्याचा अपमान करत नव्हता. रशीद्या, नेव्हिल, सगळे आपले घरचे. आता मेल्यावर त्याला परका करू नको."

(बारा हजार हा बाबांचा आकडा. फलकावर नाही.)

मला बाबांचं पटलं. मराठीत देवाला आपण "तू" म्हणतो, विठोबाला तर "अरे". मैदानातल्या माणसालाही तोच हक्क. तरी एक सवलत ठेवली: बाकीच्या लोकांबद्दल, म्हणजे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार बॅनर्जी, यांच्याबद्दल "ते" लिहायचं. नेव्हिल फक्त "तो". भाचीने बसल्या जागी सगळी क्रियापदं बदलली आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "तो सेंटर फॉरवर्ड होता. त्याने तीन गोल केले." बाबांनी मान हलवली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

रे रोडच्या वखारीतून पाइनच्या दोन पट्ट्या आणल्या, आठ फुटी, चार इंच रुंद. सागवान परवडत नाही. टेम्पोवाल्याने लांबी बघून जास्तीचे पैसे मागितले, दिले. सुताराने नव्वद इंचांवर कापून कडा घासून दिल्या. इंचांच्या रेषा बाबांनी स्वतः आखल्या, गुण्या आणि पेन्सिल घेऊन, गॅलरीत बसून, दोन दिवस. दर दहाव्या इंचाला लांब रेघ, पंचेचाळीसला दुहेरी. गिरणीत ते मापाच्या खात्यात होते. रेघ कुठे हललेली नाही.

दुसरी पट्टी का, ते पुढच्या रविवारी.

२७ ऑक्टोबर, रविवार

दुसरी पट्टी उपांत्य सामन्याची. ४ डिसेंबर १९५६, युगोस्लाव्हिया.

या पट्टीला मागची गोष्ट आहे आणि ती फलकावर थोडक्यात यायला हवी. चार वर्षं आधी, १९५२ला हेलसिंकीत, याच युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ हरवलं होतं. आपली बरीचशी मुलं तेव्हा अनवाणी खेळली, थंडीत. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. लोक अजून सगळं एकत्र करतात, "५६ला आपण अनवाणी खेळून चौथे आलो" असं मी स्वतः चार जणांकडून ऐकलंय. नाही. ५६चा संघ बूट घालून, रहीमसाहेबांच्या हाताखाली तयार होऊन गेलेला संघ होता. पहिल्या फेरीत हंगेरीशी सामना होता, हंगेरीने माघार घेतली, म्हणून थेट ऑस्ट्रेलिया. मग युगोस्लाव्हिया.

पूर्वार्ध कोरा. पंचेचाळीस इंच नुसतं लाकूड, दोन्ही बाजूंनी शून्य. ज्यांनी दहा घातले होते त्यांना पंचेचाळीस मिनिटं एकही घालता आला नाही. आणि मग बावन्नाव्या इंचावर पितळी खिळा. नेव्हिल.

भारत ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात १-० पुढे!

चोपन्नाव्यावर पहिला लोखंडी. मग सत्तावन्न, पासष्ट, अठ्ठ्याहत्तर. ४-१.

खिळे मी ठोकत होतो, बाबा अंतर धरून देत होते. चोपन्नाचा खिळा ठोकल्यावर त्यांनी अंगठा आणि तर्जनी दोन खिळ्यांमध्ये ठेवली. बरोबर दोन इंच. बोटं तशीच ठेवून म्हणाले, "एवढाच वेळ होता होय." साठ-पासष्ट वर्षं त्यांना स्कोअर माहीत होता. हे माहीत नव्हतं.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाचा गोल आपल्याच बचावपटूकडून झालेला स्वयंगोल. कोचने विचारलं, नाव लिहायचं? बाकी सगळ्या खिळ्यांखाली नावं आहेत. मी म्हटलं, नको. "स्वयंगोल" एवढंच. तो माणूसही त्याच संघाचा, त्यानेही ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यापर्यंत आणलेलं आहे. सगळ्यांनी होकार दिला, वाद झाला नाही.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

बहीण आली होती, भाचीही. फराळ झाल्यावर मी सहज म्हटलं की तिसरी पट्टी केली तर संच पूर्ण होईल. कांस्यपदकाचा सामना, ७ डिसेंबर, बल्गेरियाकडून ०-३. अंकल फोनवर होते, ते म्हणाले, "कशाला? त्यात नेव्हिलचा खिळाच नाही. हरलेली मॅच का टांगायची?" कोचचंही तेच मत, भिंतीवर जागाही नाही. विषय तिथेच थांबला असता.

बाबा म्हणाले, "सात डिसेंबर छप्पन? सात डिसेंबरला मी दादरला होतो."

मग आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि इतके दिवस ही तारीख हातात असून आलं नव्हतं याची मला लाज वाटली.

बाबासाहेब ६ डिसेंबरला दिल्लीत गेले. त्या रात्री त्यांना विमानाने मुंबईत आणलं. ७ला राजगृहापासून अंत्ययात्रा निघाली. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे, आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो. आजोबा, आजी, बाबा आणि धाकटी आत्या आजीच्या कडेवर. दीड-पावणेदोन महिन्यांपूर्वीच नागपूरला धम्मदीक्षा झाली होती. आजोबांना गिरणीतून रजा मिळाली नव्हती म्हणून ते जाऊ शकले नव्हते. त्या संध्याकाळी दादर चौपाटीवर, चितेसमोर, लाखाच्या वर लोकांनी दीक्षा घेतली. आमचं घर त्यातलं.

"त्या वर्षी मुंबईत काय काय नाही झालं," बाबा म्हणाले. "जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळीबार. आमच्या बाजूच्या गल्लीत कर्फ्यू. नोव्हेंबरात ते द्विभाषिक राज्य लादलं. डिसेंबरात बाबासाहेब. नेव्हिलने तीन मारले ते आम्हाला कळलं होतं, रविवारच्या पेपरात आलं होतं, चाळीत पोरांनी डबे वाजवले होते. पुढचं कुणाला विचारायचं? पदक गेलं हे मला कित्येक दिवसांनी कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, बरं."

बहीण रडायला लागली. बाबा तिला म्हणाले, "अगं, रडायचं काय, मी नुसती तारीख सांगितली."

फलकात भर: १९५६च्या मुंबईवर एक परिच्छेद. मी लिहीन.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

छपाईवाला हात वर करतोय. २० तारखेला विधानसभेचं मतदान, सगळ्या मशीनवर उमेदवारांचे फ्लेक्स चाललेत. आमचे आठ सनबोर्ड कुणाला हवेत? "वीसनंतर या." हातात मग दहाच दिवस उरतात. फाइल देऊन ठेवली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आठही फलक चुकीचे आले. फाइल त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये उघडली गेली आणि जोडाक्षरं फुटली. "नेव्हिल"चा "व्" पाय मोडून वेगळा, "ऑस्ट्रेलिया" तर वाचताच येईना, "हॅट्‌ट्रिक"चे तीन तुकडे. एकाही माणसाने छापण्याआधी एकदा वाचून बघितलं नाही, याचं वाईट वाटलं. मी तिथे जरा आवाज चढवला. भाचीने मला बाजूला घेतलं आणि स्वतः त्यांच्या मशीनवर बसून सगळ्या अक्षरांचं चित्रांत रूपांतर करून दिलं. आता फॉन्ट कुठलाही असो, फुटणार नाही. दुसऱ्यांदा छापायचे निम्मे पैसे आम्ही भरले. वर्गणी संपली, वर अठराशे गेले.

पुढच्या वेळी: फाइल देताना अक्षरं आधीच चित्रात बदलून द्यायची.

२४ नोव्हेंबर, रविवार

कोचबरोबर वांद्र्याला. मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या तिथल्या टर्फला नेव्हिल डिसूझाचं नाव आहे, कोचच्या मुलांची तिथे मॅच होती. प्रदर्शनाची पत्रकं वाटायला गेलो होतो.

एक गोष्ट ऐकून आत काहीतरी हललं. मुलं एकमेकांशी बोलताना म्हणत होती, "पुढची मॅच नेव्हिलला आहे," "शनिवारी नेव्हिलला ये." दादरला, परळला म्हणावं तसं. माणसाचं नाव जागेचं झालंय. कोच म्हणाला, पोरांना वाटतं नेव्हिल म्हणजे एरिया. मी म्हटलं, असू दे, नाव तर रोज तोंडात आहे. मग तिथेच, बूट बांधत बसलेल्या मुलांना कोचने पट्टीची गोष्ट सांगितली. नऊ, तेहतीस, पन्नास. एकाने विचारलं, "सर, डाव्या पायाने की उजव्या?" कोचने सरळ सांगितलं, ठाऊक नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

हॉल संध्याकाळी सातला मिळाला. आठ सनबोर्ड, दुहेरी चिकटपट्टी भिंतीचा रंग घेऊन निघाली, म्हणून शेवटी पडद्याच्या दांडीला सुतळीने टांगले. पट्ट्या कमरेच्या उंचीवर, मुलांची बोटं पोचतील अशा. पहिला बोर्ड कूपरेजचा: तिथे पूर्वी पिंपं बनवायचा कारखाना होता, त्यावरून नाव, १८९१ पासूनचा रोव्हर्स कप, आणि तिथे उतरलेले कंपन्यांचे संघ. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, बर्मा शेल, रेल्वे. कॅल्टेक्स पुढे १९७८ला हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली, पेट्रोल पंपांवरचं तिचं ताऱ्याचं चिन्ह गेलं. रोव्हर्स कपही थांबला त्याला आता पाव शतक होत आलं. गोलरक्षक एस. एस. नारायण यांचा छोटा बोर्ड शेजारी: तेही मुंबईचेच, तेही ५६च्या संघात, २०२१ साली गेले.

कोऱ्या फलकाला पेन दोरीने बांधला.

१ डिसेंबर, रविवार

दहाला उघडलं. अंकल साडेनऊलाच हजर, कोट घालून, मुलगा सोबत. नेव्हिलचं नाव दारापासून वाचता येतं का ते चष्मा काढून बघितलं. येतं. "आमचो नेव्हिल," एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले ते पाचपर्यंत.

दुपारपर्यंत तुरळक. जेवणानंतर कोचची मुलं आली, बावीस जण, आणि हॉल भरला. ज्यासाठी पट्टी केली ते घडलं. पहिला मुलगा शून्याला बोट ठेवून चालू लागला, नवव्या इंचाला थांबला, "नेव्हिल!" म्हणून ओरडला. मग ओळच लागली. पन्नासच्या पुढचं कोरं लाकूड आलं की मुलं आपोआप हळू चालायची, आणि ऐंशीला किट्टूचा खिळा लागला की टाळ्या. कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या पट्टीशी बाबा बसले होते. प्रत्येक मुलाला बावन्नला थांबवायचे. "इथे थांब. आता भारत पुढे आहे. घे, बघून घे." मुलं इकडेतिकडे बघायची, काय बघायचं ते न कळून, पण थांबायची. मग बाबा म्हणायचे, "हां, चल आता."

बूट-अनवाणीचा प्रश्न सहा जणांनी विचारला. "सिडनीचं का नाही लावलंत?" असं विचारणारा एक जाणकार निघाला: परतण्याआधी १२ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाशी पुन्हा सामना झाला आणि भारताने तो ७-१ जिंकला. खरं आहे, राहिलंच. पेन्सिलने खाली लिहून टाकलं.

कोऱ्या फलकावर एकतीस ओळी झाल्या. काही इथे उतरवून ठेवतो, फलक पुसट होईल म्हणून:

"बाजूच्या बागेतल्या झाडावर. पोलिसाने दोनदा उतरवलं."

"वडिलांच्या खांद्यावर. ते आता नाहीत."

"मी आत नव्हतो, पैसे नव्हते. बाहेर भिंतीला कान लावून. ओरडा झाला की गोल."

"मी बाई असल्यामुळे मला नेत नसत. भाऊ घरी येऊन खेळून दाखवायचा, उशी घेऊन."

शेवटची ओळ लिहिणाऱ्या आजी पंचाऐंशीच्या पुढच्या असतील. त्यांनी लिहिल्यावर पेन दोरीसकट माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "माझा पण मोजा." मोजला.

८ डिसेंबर, रविवार

हॉल सोमवारीच रिकामा करून दिला. बोर्ड कोचच्या शाळेत गेले, सहा महिने वऱ्हांड्यात राहतील. पट्ट्या घरी, बाबांच्या पलंगामागे उभ्या.

शुक्रवारी चैत्यभूमीला गेलो. बाबांना रांगेत उभं राहवत नाही, स्वयंसेवकांनी खुर्ची दिली. काल सकाळी त्यांनी मला उठवलं, आठ वाजलेही नव्हते. म्हणाले, वखार उघडली असेल का. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, तिसरी.

गेलो. एकच पट्टी, तीच जाडी, तीच रुंदी. सुताराने नव्वदवर कापली, पैसे घेतले नाहीत. रेघा बाबांनी आखल्या, या वेळी एकाच दुपारी, हात जरा थरथरत होता तरी. तीन लोखंडी खिळे मी ठोकले. पितळी एकही नाही. अंकलना कळवलं. ते म्हणाले, "बरं केलंत. आता मला पण ती बघायला यावं लागणार."

पट्टी भिंतीला लावण्याआधी बाबांनी ती उलटी करायला सांगितली आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने लिहिलं: "७ डिसेंबर १९५६. मी दादरला, चौपाटीवर उभा होतो. सोबत आई, वडील, बहीण."